घरच्या घरी गाडी धुणे, पॉलिश आणि वॅक्स : काळ्या गाडीवरचं जाळं

गारवा (पुणे)

आमची गाडी काळी आहे. साडेचार वर्षांपूर्वी घेतली तेव्हा बॉनेटमध्ये समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या दिसायच्या, वाळत घातलेल्या कपड्यांसकट. दोन महिन्यांपूर्वी रात्री पेट्रोल पंपावर रांगेत होतो, वरचा दिवा बॉनेटवर पडला आणि कोळ्याचं जाळं दिसलं. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल रेघा, शेकड्यांनी. बोट फिरवलं तर हाताला काही लागेना. घरी येऊन मोबाइलच्या टॉर्चने दारं, डिकी, छत सगळं पाहिलं. सगळीकडे तेच.

त्या रात्री झोप नीट लागली नाही. तेव्हापासून जे वाचलं, विचारलं आणि तीन रविवार खर्चून स्वतः केलं, ते इथे लिहून ठेवतो.

मुळात त्या रेघा गोल नसतात. सगळ्या दिशांनी ओढलेल्या असतात. उजेडाला आडव्या जातात तेवढ्याच चमकतात, म्हणून दिव्याभोवती त्यांनी फेर धरल्यासारखा दिसतो. आणि त्या रंगावर नसतात, रंगाच्या वरच्या पारदर्शक थरात असतात. आजच्या गाड्यांना पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट असतो. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० च्या आसपास. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या घरात असतो. म्हणजे ज्याच्या जोरावर गाडी चकाकते तो थर केसापेक्षा पातळ. पॉलिश करणं म्हणजे हा थर थोडासा घासून सपाट करणं. रेघ भरून निघत नाही, रेघेच्या आजूबाजूचा थर तिच्या तळापर्यंत उतरवला जातो. गेलेलं परत येत नाही. हे कळल्यावर माझा सगळा विचारच बदलला. पॉलिश वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या वेळी करायचं काम, खरं काम आहे ते धुण्याचं. जाळं धुताना आणि पुसताना पडतं.

माझी धुण्याची पद्धत सांगतो. पार्किंगमध्ये नळ आहे, पण पाइप लावायला सोसायटीची परवानगी नाही. त्यामुळे बागेची दहा लिटरची झारी आणि झाडांवर फवारायचा दोन लिटरचा हातपंप, एवढ्यावर भागवतो.

सकाळी सातच्या आत, सावलीत. बॉनेटला हाताची मागची बाजू लावून बघायची, पत्रा गरम असेल तर हात घालायचा नाही, शाम्पू जागीच वाळतो. आधी चाकं, त्यांची बादली वेगळी, फडकं वेगळं. रिमवर बसते ती काळी पूड बरीचशी ब्रेकमधून झिजलेल्या लोखंडाची असते, ते फडकं चुकूनही दाराला लागता कामा नये. मग सगळ्या गाडीवर शाम्पूच्या पाण्याचा फवारा मारून तीन-चार मिनिटं थांबायचं, धूळ फुगू द्यायची. मग झारीने वरून खाली नुसतं पाणी. इथपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. ही पायरी लोक गाळतात आणि सगळा घोटाळा तिथे होतो.

त्यानंतर दोन बादल्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, छतापासून सुरुवात करून एक पट्टा धुवायचा, मग मोजा साध्या पाण्यात खंगाळायचा, मगच परत शाम्पूत. दारांचा खालचा भाग आणि मागचा बंपर सगळ्यात शेवटी, कारण चिखल तिथे असतो. साध्या पाण्याच्या बादलीत मी भाजीची चाळण उलटी ठेवतो, म्हणजे खाली बसलेली माती मोज्याला परत लागत नाही. पहिल्यांदा असं धुतल्यावर ते पाणी हळूहळू ओतून तळ बघितला. चमचाभर बारीक वाळू होती, बोटांत धरली तर करकरत होती. इतकी वर्षं ती वाळू फडक्यातून माझ्या बॉनेटवर फिरत होती.

भांड्यांचा साबण वापरू नका. एका वेळेने रंग जात नाही, पण वॅक्स उतरतं.

वाळवण्यासाठी झारीचं तोंड काढून वरून संथ धार सोडायची. पाणी चादरीसारखं ओघळून जातं, थेंब कमी उरतात. उरलेले जाड मायक्रोफायबर टॉवेलने टिपायचे, घासायचे नाहीत. टॉवेल जमिनीवर पडला तर त्या दिवशी तो गाडीला परत लावायचा नाही, कितीही झटकला तरी.

दुसऱ्या रविवारी क्ले. धुऊन वाळवलेल्या गाडीवर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बोटं फिरवा. दिसायला स्वच्छ असलेला पत्रा रव्यासारखा खरखरीत लागतो. बांधकामाची धूळ, डांबराचे कण, रेल्वेलाइनजवळ राहणाऱ्यांच्या गाडीवर लोखंडाचे कण, हे सगळं शाम्पूने निघत नाही. लोखंडासाठी वेगळा फवारा मिळतो. कण असतील तिथे तो जांभळा होऊन ओघळतो आणि त्याचा वास सडक्या अंड्यासारखा येतो, मोकळ्या हवेत करा. उरलेलं क्लेने निघतं. क्ले म्हणजे मळलेल्या कणकेसारखा गोळा. पत्रा शाम्पूच्या पाण्याने ओलाचिंब ठेवून तो हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवायचा. सुरुवातीला हाताला खरखर जाणवते, चार-सहा फेऱ्यांत ती थांबते आणि गोळा काचेवरून सरकावा तसा सरकतो. तो क्षण मला सगळ्या कामात जास्त आवडला. गोळा खाली पडला तर टाकून द्या.

तिसऱ्या रविवारी पॉलिश. हाताने एका दारावर तासभर घालवला, फरक पडला पण मनासारखा नाही. मग मित्राकडून डीए पॉलिशर आणलं, म्हणजे पॅड एकाच वेळी स्वतःभोवती आणि डगमगत फिरतं ते. कडांना, दिव्यांना आणि काळ्या प्लास्टिकला मास्किंग टेप लावली. बॉनेटवर दीड फुटाचा चौकोन आखून आधी सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ पॅडने करून बघितलं. भागलं, म्हणून कडक कंपाउंडचा, म्हणजे जास्त घासणाऱ्या पॉलिशचा, डबा उघडलाच नाही. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, हळू उभे-आडवे हात, मग टॉर्च लावून बघायचं. सबंध गाडीला सात तास लागले.

खोल रेघा तशाच ठेवल्या. मागच्या डाव्या दारावर एक आहे, ती नखाला अडकते. अशी रेघ पॉलिशने काढायला जाऊ नये असं वाचलंय.

शेवटी वॅक्स. कार्नोबा वॅक्स ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं, वितळायला ८० अंशांच्या वर उष्णता लागते, म्हणून आपल्या उन्हातही टिकून राहतं. थर जितका पातळ तितका चांगला. जाड थर जास्त टिकत नाही, पुसायला मात्र दम काढतो. बोटाने एक रेघ ओढून बघायची. खाली पत्रा स्वच्छ दिसला, फरपटा उमटला नाही, तर पुसायला घ्यायचं. डब्यावर काहीही लिहिलेलं असो, पुण्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या माझ्या गाडीवर पाण्याचे मणी (वॅक्स शिल्लक असल्याची खूण) सहा आठवडे दिसले.

तुमच्याकडे कसं करता ते लिहा. माझं कुठे चुकत असेल तर सांगा.

मेधा_ठाणे

फार तपशिलात लिहिलंय, धन्यवाद. मी अगदी असंच करते, पण गाडीवर पांढरे ठिपके राहतातच. काचांवर तर जास्तच. घरच्या आरओ फिल्टरमधून जे पाणी वाया जातं ते साठवून गाडी धुते, पाणी फुकट जाऊ नये म्हणून. शाम्पू बदलून पाहिला, काही उपयोग नाही.

गारवा

मेधाताई, ठिपके त्या पाण्याचेच आहेत. आरओमध्ये क्षार गाळून ज्या पाण्यात सोडले जातात तेच बाहेर पडतं. म्हणजे नळाच्या पाण्यापेक्षा त्यात क्षार जास्त. पाणी उडून जातं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पत्र्यावर राहतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने मी मोजलं होतं: आमच्या नळाचं ९० च्या आत, सोसायटीच्या बोअरचं ७०० च्या वर. पाणी वाचवायची तुमची इच्छा अगदी योग्य आहे, ते पाणी लादीला, संडासला, पार्किंग धुवायला वापरा. गाडीच्या शेवटच्या पाण्यासाठी एसीच्या नळीचं पाणी साठवून बघा. ते हवेतल्या बाष्पाचं असतं, क्षार जवळजवळ नसतात. उन्हाळ्यात आमच्याकडे रात्रभरात एक बादली भरते.

आत्ता आहेत त्या ठिपक्यांसाठी पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी. गाडी सावलीत, थंड असताना ओलं फडकं मिनिटभर ठेवून टिपायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. आधी छोट्या जागेवर करून बघा. फार जुने ठिपके क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडतात, ते याने जाणार नाहीत.

रंगारी_कोल्हापूर

भावा, लिहिलंय झकास. मी २२ वर्षं गाड्यांच्या रंगकामात आहे, म्हणून चार गोष्टी सांगतो.

एक, डीए वापरलंस ते लय बरं केलंस. एकाच दिशेनं फिरणारं रोटरी मशीन नवशिक्यानं हातात घेऊ नये. एका जागी दोन सेकंद जास्त थांबलं की पत्रा तापतोय आणि क्लिअर जळतोय. त्यातनं कडेला, बॉनेटच्या घडीवर, दाराच्या धारेवर रंग आधीच पातळ बसलेला असतोय. तिथं खालचा प्रायमर दिसायला लागला की माझ्याकडंच यायला लागतंय, आणि मग पूर्ण पॅनेल (सबंध दार किंवा बॉनेट) रंगवल्याशिवाय इलाज नाही.

दोन, रंगवलेला पॅनेल आणि कंपनीचा पॅनेल सारखा धरू नका. कारखान्यात नुसता पत्रा असतोय तेव्हा क्लिअर १४० अंशांच्या आसपास भाजतात. आमच्याकडं गाडी पूर्ण जोडलेली असते. आत प्लास्टिक, वायरिंग, सीट. त्यामुळं बूथमध्ये, म्हणजे रंगाच्या बंद खोलीत, ६० अंशांपर्यंतच जायचं. तो रंग पुढचे काही आठवडे आतनं सुकत असतोय. नवीन रंगवलेल्या पॅनेलवर निदान महिना-दीड महिना वॅक्स लावू नका, त्याला श्वास घेऊ द्या.

तीन, आणि हे मनातनं सांगतो. लोकं येतात, ‘रबिंग मारून द्या, लगेच पैसे देतो’ म्हणतात. रबिंग म्हणजे कंपाउंडनं घासणंच. वर्षात तिसऱ्यांदा आलेल्या गाडीला मी नाही म्हणतो. गिऱ्हाईक रागावतंय, दुसरीकडं जातंय. पण मला माहीत आहे ना त्या क्लिअरमध्ये काय उरलंय ते. एकदा छताचा क्लिअर पापडासारखा सुटायला लागला की ते बघवत नाही.

चार, तुझी नखाला अडकणारी रेघ. बरोबर केलंस, हात लावू नको. पॉलिशनं तिच्या कडा गोल करता येतात, म्हणजे कमी दिसेल, पण मुळापासनं जाणार नाही.

गारवा

दादा, खूप आभार. एक विचारतो. मागच्या वर्षी एका ठिकाणी सर्व्हिसिंगला दिली होती तेव्हा त्यांनी सोबत पॉलिश करून दिलं. आणली तेव्हा आरसा झाली होती. चार धुण्यांनंतर सगळी चमक गेली, वर तिरप्या उन्हात ढगाळ पट्टे दिसायला लागले. हे कशामुळे?

रंगारी_कोल्हापूर

कंपाउंडात तेल आणि भरण असतंय. रेघ काढलेली नसते, झाकलेली असते. धुतली की भरण निघतंय आणि रेघ वर. पट्टे म्हणशील तर रोटरीचे, आम्ही त्याला होलोग्राम म्हणतो. पॉलिश झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून एक जागा पुसून बघायची. तेल निघाल्यावर जे दिसतंय ते खरं काम. मी गिऱ्हाइकासमोर पुसून दाखवतो आणि मगच किल्ली देतो.

जुनी_फियाट

धागा वाचून वडिलांची आठवण झाली. आमच्याकडे आकाशी रंगाची फियाट होती, दादरला रस्त्यावरच उभी असायची. वडील दर दसऱ्याच्या आधी जुन्या धोतराचं फडकं घेऊन तिला रबिंग करायचे. फडकं आकाशी व्हायचं. मी लहानपणी घाबरून म्हणायचो, रंग निघतोय. ते म्हणायचे, मेलेला रंग निघतोय, खालचा जिवंत आहे.

आता कळतं, ते बरोबरच बोलत होते. त्या काळच्या गाड्यांना वेगळा क्लिअर कोट नसायचा, रंग हाच वरचा थर. उन्हाने त्याचा पृष्ठभाग पांढुरका, खडूसारखा व्हायचा. तो घासून काढला की खालचा टवटवीत रंग वर यायचा, आणि रंगही जाड असायचा. माझ्या पिढीच्या डोक्यात ‘गाडी फिकी पडली की रबिंग’ हे घट्ट बसलंय ते त्या गाड्यांमुळे. मुलाच्या गाडीवर मी हेच करायला निघालो होतो. आता फडक्याला रंग लागत नाही म्हणून काही झिजत नाही असं वाटतं. पण झिजणारा थर पारदर्शक आहे, तो फडक्यावर दिसणार कसा? गारवा, तुमच्यामुळे वेळेवर थांबलो.

शमीपत्र

जुनी_फियाट काकांनी दसऱ्याचा विषय काढला म्हणून विचारते. आमची गाडी पांढरी. खंडेनवमीला सासूबाईंनी ओल्या हळदी-कुंकवाचं स्वस्तिक बॉनेटवर काढलं, पूजा झाली, गाडी तशीच दोन दिवस राहिली. मग साबणाने घासलं तर हळद लालच झाली. मला धस्स झालं. अजून फिकट पिवळा डाग आहे. सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून घरात कोणाला बोलले नाही.

गारवा

घाबरू नका. हळदीला साबण लागला की ती लाल होते, कपड्यावर होते तशीच, कारण बहुतेक साबण अल्कधर्मी असतात. भरपूर पाण्याने धुतलं की लाली जाते. राहिलेला पिवळा डाग उन्हात ठेवा. हळदीतला रंग सूर्यप्रकाशात टिकत नाही. आईने वरणाचे डाग पडलेला शर्ट उन्हात टाकल्याचं आठवत असेल, तेच इथे. गाडी दोन-चार दिवस उन्हाकडे तोंड करून लावा. घासू नका.

पुढच्या दसऱ्याला आठवडाभर आधी वॅक्स करा, म्हणजे हळद रंगाला न लागता वॅक्सवर बसेल. स्वस्तिक काढायचंच असेल तर समोरच्या काचेच्या कोपऱ्यावर काढा, काचेवरून सगळं निघतं. आणि झेंडूची ओली माळ बॉनेटवर रात्रभर ठेवू नका. पाकळ्या कुजून डाग पडतात आणि माळेची तार वाऱ्याने हलून रेघा ओढते.

सागरगोटा (रत्नागिरी)

आमच्याकडचं वेगळं आहे. चार महिने पाऊस, लाल चिखल, आणि वर्षभर खारी हवा. जांभ्याची माती बारीक असते, वाळली की पत्र्याला धरून बसते. लोक चिखल वाळल्यावर हाताने झटकतात, तिथेच सत्यानाश. मी ओला असतानाच पाणी मारतो, आणि वाळलाच तर दहा मिनिटं भिजत ठेवतो. चाकांच्या वरची कमान आतून धुवायला विसरू नका, किलो-किलो माती निघते, आणि ती ओली राहिली की गंज तिथूनच सुरू होतो.

दारांच्या रबरी बीडिंगखाली पावसाळ्यात शेवाळ धरतं. जुन्या दातांच्या ब्रशने आणि शाम्पूच्या पाण्याने दर पंधरा दिवसांनी काढतो. वॅक्स मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात करतो, मिरग लागायच्या आत. एकदा पाऊस सुरू झाला की पत्रा नीट कोरडा मिळत नाही.

पक्ष्यांच्या शिटेबद्दल कोणी लिहिलं नाही. आमच्या अंगणात उंबर आहे, वटवाघळं आणि बुलबुल दोन्ही. सकाळी शीट दिसली की ओला रुमाल पाच मिनिटं वर ठेवतो, मग उचलून घेतो. दुपारपर्यंत राहिली तर उन्हात क्लिअर तापून फुगतो, शीट वाळून आकसते, आणि मग डाग नव्हे, ठसाच उमटतो. माझ्या छतावर तसा एक आहे.

लातूरची_लेक

सगळं वाचलं, आवडलं. पण मनात आलं ते लिहिते. आमच्या गावाने २०१६ चा एप्रिल पाहिलाय, मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. टँकरच्या रांगेत आई रात्री दोनला उठून उभी राहिलेली मी विसरू शकत नाही. गाडी आता माझ्याकडेही आहे, नव्या पैशाने घेतलेली, जिवापाड आवडती. पण दोन बादल्या आणि झाऱ्या ओतायला हात धजत नाही. मग नुसतं कोरडं फडकं मारते, आणि आता कळतंय की तेच सगळ्यात वाईट.

गारवा

ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. मी पाण्याचा हिशोब लिहायला हवा होता: मला एका धुण्याला पस्तीस-चाळीस लिटर लागतं.

तुमच्यासाठी रिन्सलेस वॉश हा प्रकार आहे. खंगाळावं न लागणारं द्रावण. त्यातली पॉलिमर धुळीच्या कणाला वेढून घेतात, पत्रा निसरडा होतो. मी वापरतो त्याचं प्रमाण एकाला २५६ आहे, म्हणजे आठ लिटर पाण्यात ३० मिलीच्या आसपास. आठ लिटरही लागत नाहीत, पाच पुरतात. आधी त्याच पाण्याचा फवारा मारून दोन-तीन मिनिटं थांबायचं. मग सात-आठ मायक्रोफायबर फडकी त्या बादलीत भिजत घालायची. एक फडकं चौघडी करायचं, प्रत्येक पट्ट्याला नवी बाजू, आठही बाजू झाल्या की ते फडकं बाजूला, दुसरं घ्यायचं. वापरलेलं फडकं परत बादलीत घालायचं नाही. लगेच मागून कोरड्या टॉवेलने टिपायचं. उरलेलं पाणी चाकांना.

पण गाडी चिखलाने भरली असेल तर हे करू नका. ते नुसत्या धुळीपुरतं आहे, आणि लातूरला वर्षातले बरेच महिने धूळच असते. मधल्या दिवशी धूळ बसली तर राहू द्या. नुसत्या बसलेल्या धुळीने रेघ पडत नाही, ती ओढली की पडते.

इंदिरानगर_बंगळूर

लातूरच्या ताईंना अनुमोदन. मार्च २०२४ मध्ये बंगळूरला पाण्याची टंचाई झाली तेव्हा पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर बंदी आली, पाच हजार रुपये दंड. तेव्हापासून मी रिन्सलेसवर आहे आणि टंचाई सरल्यावरही परत गेलो नाही. दीड वर्षात नवी रेघ नाही. फडकी मात्र नीट जपावी लागतात: वेगळी धुवायची, सुती कपड्यांबरोबर नाही, फॅब्रिक कंडिशनर अजिबात नाही, सावलीत वाळवायची.

नेकारकाठचा (श्टुटगार्ट)

इथे जर्मनीत बहुतेक गावांत घरासमोर गाडी धुवायला मनाई आहे. तेल आणि साबण जमिनीत मुरून भूजलात जाऊ नयेत म्हणून. धुवायची ती धुलाई केंद्रावर, तिथे सांडपाण्यातलं तेल वेगळं काढण्याची सोय असते. नाणं टाकून दाबाचं पाणी मिळतं, बाजूला फेसाचा ब्रश टांगलेला असतो. त्या ब्रशला हात लावत नाही. माझ्या आधीच्या माणसाने त्याने काय धुतलं ते ब्रशच्या केसांत असतं. फक्त पाणी मारतो, घरी तळघरातल्या पार्किंगमध्ये रिन्सलेसने पुसतो. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा गाडीची खालची बाजू धुणं रंगापेक्षा महत्त्वाचं. पुण्याला आलो की भावाच्या गाडीला मनसोक्त झारी घालतो.

मेधा_ठाणे

व्हिनेगरने दारावरचे ठिपके गेले! काचेवरचे थोडे राहिलेत. आता प्रश्न असा की सिरॅमिक कोटिंग करून घेऊ का? दुकानदार म्हणाला ९एच कडकपणा, हिऱ्याच्या खालोखाल, रेघ पडणारच नाही.

रंगारी_कोल्हापूर

ताई, तो ९एच पेन्सिलीचा. रंगाचा कडकपणा तपासायला वेगवेगळ्या पेन्सिली ओढून बघतात, ९एच त्यातली सगळ्यात कडक. हिऱ्याच्या मापाशी त्याचा संबंध नाही. कोटिंग चांगलं असतंय: धूळ कमी धरते, पाणी पळतंय, धुवायला सोपं, वॅक्सपेक्षा लय टिकतंय. पण वाळूचं फडकं फिरवलं तर त्यालाही रेघ पडणार. आणि कोटिंगच्या आधी पॉलिश नीट झालं पाहिजे, नाहीतर आहे ते जाळं आत बंद होऊन बसतंय. दगड उडण्याची भीती असेल तर जाड पारदर्शक फिल्म मिळते, ती पुढच्या बंपरला आणि बॉनेटला लावा. आणि मॅट रंगाची गाडी असेल तर वॅक्स-पॉलिश काहीच नको, चट्टे चमकायला लागतात.

शमीपत्र

उन्हाने डाग गेला! चौथ्या दिवशी शोधूनही सापडला नाही. सासूबाईंना आज सगळं सांगितलं, त्यांनी पुढच्या वर्षी काचेवरच काढू म्हटलं.

गारवा, एक राहिलं. आमच्याकडे रोज सकाळी गाड्या पुसायला एक काका येतात, एकच बादली, एकच फडकं. त्यांना कसं सांगायचं? त्यांना बंद केलं तर त्यांचे पैसे जातात, ते मला करायचं नाही.

गारवा

हे मी पहिल्या पोस्टमध्येच लिहायला हवं होतं, कारण माझं जाळं बहुतेक तिथूनच आलं. आणि त्यात आमच्याकडे गाड्या पुसणाऱ्या मामांची काहीही चूक नाही. पहाटे सव्वापाच ते साडेसात, बावीस गाड्या, म्हणजे गाडीमागे सहा-सात मिनिटं. आम्हीच त्यांना ‘रोज पुसलेली दिसली पाहिजे’ म्हणून पैसे देतो. पाणी बदलायला खाली एकच नळ, तोही जिन्याच्या पलीकडे.

मी एका रविवारी मामांना सोबत घेऊन गाडी धुतली. बादलीच्या तळाची वाळू त्यांनीच बघितली, बोटांत चुरली आणि म्हणाले, “ही तर आमच्या फडक्यात रोज असते.” मग ठरवलं: महिन्याचे पैसे तेच, थोडे जास्तच. रोज फक्त काचा आणि आरसे पुसायचे, त्यासाठी वेगळं फडकं. बुधवारी रिन्सलेसने सबंध गाडी, फडकी आणि द्रावण मी डिकीत ठेवतो, एक किल्ली त्यांच्याकडे. रविवारी आम्ही दोघं मिळून. चौकोनी घडी करून बाजू बदलायची त्यांची पद्धत माझ्यापेक्षा चपळ आहे, हात पहिल्या दिवशीच बसला. त्यांनीच सुचवलं म्हणून आता वरच्या भागाची फडकी पिवळी आणि खालच्या भागाची निळी ठेवतो, मिसळत नाहीत.

तुमच्या काकांशी असंच शांतपणे बसून बोला, घाईच्या वेळी उभ्या उभ्या नको.

रंगारी_कोल्हापूर

झकास काम केलंस भावा. ती मागच्या दाराची रेघ एकदा बघू दे. खाली पांढरं किंवा करडं दिसत असेल तर टच-अप लागेल, नाहीतर पावसाळ्यात पाणी धरंल. फोटो उन्हात काढ, तिरपा, फ्लॅश नको.

गारवा

त्या बाजूला सकाळी साडेसातला ऊन येतं, दादा. उद्या काढून टाकतो.